मजुरीच्या आधीचा प्रश्न

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात पुण्याहून आलेल्या एका स्नेह्यांना घेऊन मी चेन्नईहून कांचीपुरमला निघालो होतो. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, साड्या घ्यायच्या होत्या. बंगळूर महामार्गावर श्रीपेरुंबुदूर मागे पडलं की सुंगुवारछत्रम लागतं. तिथे मांडव घातला होता आणि कंपनीचा गणवेश अंगावर असलेली शेकडो तरुण पोरं जमिनीवर बसली होती. सॅमसंगच्या कारखान्यातले संपकरी. माझ्या स्नेह्यांचा चाकणला मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. त्यांनी काच थोडी खाली करून मांडवाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे असंच चाललं तर उद्या सगळे कारखाने व्हिएतनामला जातील. मजुरी बाजार ठरवतो. ज्याला परवडत नाही त्यानं दुसरी नोकरी शोधावी. सरकारनं यात पडायचं कारणच काय?"

पाहुणे माणूस, शिवाय वयानं मोठे. मी तेव्हा काही बोललो नाही. पण ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, कारण ते एकट्या त्यांचं नाही. दिवाळीच्या फराळाला, सोसायटीच्या सभेत, वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर तेच ऐकतो, वाचतो. आणि बोलणारी माणसं भली असतात. माझे स्नेही सात तारीख म्हणजे सात तारखेलाच पगार करतात, कामगाराच्या पोराच्या फीसाठी उचल देतात. लबाडाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, यांच्याशी आहे. म्हणून तेव्हा गाडीत द्यायचं राहून गेलेलं उत्तर आता देतो.

आधी त्या मांडवात काय चाललं होतं ते. सुंगुवारछत्रमच्या या कारखान्यात फ्रिज, टीव्ही, धुलाई यंत्रं बनतात. सुमारे १,८०० कामगार. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सिटू या कामगार महासंघाच्या मदतीनं आपली संघटना स्थापली, 'सॅमसंग इंडिया वर्कर्स युनियन', आणि नोंदणीसाठी श्रम खात्याकडे अर्ज केला. नोंदणी होईना. ९ सप्टेंबरला संप सुरू झाला, तो ३७ दिवस चालला. पगारवाढीची मागणी होतीच. सरासरी २५ हजारांचा पगार तीन वर्षांत ३६ हजारांवर न्या, असं ते म्हणत होते. पण मुख्य मागणी साधी होती: आमच्या संघटनेला संघटना म्हणा आणि तिच्याशी बोला.

त्या ३७ दिवसांत सरकार कुठे होतं? स्नेह्यांच्या मते त्यानं बाहेर असायला हवं होतं. ते बाहेर नव्हतंच, पहिल्या दिवसापासून आत होतं. नोंदणीच्या कागदावर सही न करणारा निबंधक म्हणजे सरकार. मोर्चा निघाला तेव्हा शंभरावर कामगारांना ताब्यात घेणारे पोलीस म्हणजे सरकार. ऑक्टोबरात कंपनीनं निवडलेल्या कामगार समितीशी झालेल्या समझोत्याला साक्षी राहिलेले मंत्री आणि त्यानंतर लगेच मांडव उपटून टाकणारे हात, तेही सरकारच. हे द्रमुकचं सरकार होतं, ज्याच्या आघाडीत कम्युनिस्ट पक्षही होते. तेव्हा कुणी उजवं-डावं म्हणून हा प्रश्न सोडवू नये.

सही न करणं हेसुद्धा करणंच असतं, हे कचेरीत खेटे घातलेल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. कंपनीचा आक्षेप असा की संघटनेच्या नावात 'सॅमसंग' हे आमचं व्यापारचिन्ह आहे. ज्या फाटकातून रोज आत जायचं त्या फाटकावरचं नाव आपल्या संघटनेला लावता येत नाही, असा त्याचा अर्थ. अखेर कामगार मद्रास उच्च न्यायालयात गेले. डिसेंबरात न्यायालयानं सांगितलं की सहा आठवड्यांत काय तो निर्णय द्या. २७ जानेवारी २०२५ ला नोंदणी झाली. अर्जापासून सुमारे सात महिने.

हे सात महिने माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा आहेत. मजुरी किती, हा नंतरचा प्रश्न. मजुरीबद्दल बोलायचं कुणी, एकेकट्यानं की सगळ्यांनी मिळून, हा आधीचा. आणि त्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर बाजार देत नाही, कधीच दिलेलं नाही. ते कायदा देतो, न्यायालय देतं, निबंधकाची सही देते. 'सरकारनं मध्ये पडू नये' असं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण मालकाच्या बाजूनं सरकार जे करतं ते त्यांच्या डोळ्यांना सवयीचं झालंय. कंपनी म्हणजे हजारो भागधारकांचा समूह. कायद्यानं त्याला एक व्यक्ती मानलंय, म्हणून तो एका तोंडानं बोलतो. ती सोय सरकारनंच दिली. त्यात कुणाला ढवळाढवळ दिसत नाही. शंभर कामगारांनी एका तोंडानं बोलू म्हटलं की मात्र ती दिसते.

चेन्नईत हे पहिल्यांदा घडलेलं नाही, आणि त्या जुन्या कहाणीत आपली माणसं आहेत. पेरंबूरची बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल बिनी कंपनीची. दुपारच्या जेवणाची सुट्टी जेमतेम अर्धा तास, वर शिवीगाळ आणि मार. सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलू नायडू हे दोघं तक्रार घेऊन गेले बी. पी. वाडियांकडे. वाडिया मूळचे मुंबईचे पारशी, अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत ॲनी बेझंटबाईंबरोबर काम करणारे. २७ एप्रिल १९१८ ला मद्रास लेबर युनियन उभी राहिली, देशातली पहिली रीतसर सभासद असलेली आधुनिक कामगार संघटना. १९२० मध्ये कंपनीनं वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. तुम्ही आमच्या कामगारांना करार मोडायला चिथावता, नुकसानभरपाई द्या. न्यायालयानं मनाई हुकूम दिला. शेवटी तडजोड झाली ती या अटीवर की वाडियांनी युनियनशी संबंध तोडायचा. त्यांनी तोडला.

तेव्हा या देशात कामगार कायदे जवळजवळ नव्हतेच. संघटनांचा कायदा नव्हता, किमान वेतन नव्हतं, कामावरून काढायला कुणाची परवानगी नको होती. माझ्या स्नेह्यांना हवा असलेला बाजार असाच असणार. त्या बाजारात सरकार होतं की नाही? होतं, लाल विटांच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीत बसलेलं होतं, आणि एका माणसाला त्यानं मजुरांशी बोलायची बंदी केली. पुढे शंभर वर्षांनी त्याच न्यायालयानं निबंधकाला निर्णय द्यायला लावलं. या दोन आदेशांच्या मधे जे घडलं त्याला आपण कामगार कायद्याचा इतिहास म्हणतो.

आणि ते घडवणारा पहिला माणूस रायगडातल्या गोरेगावचा. नारायण मल्हार जोशी. वाडियांवरचा हुकूम ताजा असतानाच, मार्च १९२१ मध्ये, त्यांनी केंद्रीय विधिमंडळात ठराव आणला की कामगार संघटनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना संरक्षण मिळावं. मालकांच्या विरोधामुळे पाच वर्षं गेली. १९२६ चा ट्रेड युनियन्स ॲक्ट झाला आणि १ जून १९२७ ला अमलात आला. त्याच्या अठराव्या कलमानं सांगितलं की औद्योगिक तंट्यात संघटनेनं कुणाला नोकरीचा करार मोडायला प्रवृत्त केलं, एवढ्याच कारणावरून तिच्यावर दिवाणी दावा चालणार नाही. पेरंबूरच्या जखमेवर घातलेला हा टाका आहे. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना त्या नावाचा मद्रासच्या गिरणीशी असा संबंध ठाऊक असेल, कोण जाणे.

आता 'बाजार ठरवतो' याकडे येतो. माझे स्नेही मूळचे नाशिककडचे, त्यांच्या भावाची अजून शेती आहे. म्हणून कांद्याचंच उदाहरण घेतो. भाव पडला की शेतकरी कांदा चाळीत भरतो आणि दोन-तीन महिने वाट पाहतो. सडतो काही, पण वाट पाहता येते. श्रमाला चाळ नाही. आजचा दिवस आज विकला गेला नाही तर तो गेला, उद्या दोन दिवस विकायला काढता येत नाहीत. घरभाडं आणि किराणा मात्र थांबत नाही. त्यात लासलगावला एकच व्यापारी उरला अशी कल्पना करा. मग लिलाव पुकारण्याला काय अर्थ राहील? श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात कारखाने पुष्कळ आहेत, हे खरं. पण पंचवीस वर्षांच्या, लग्न झालेल्या, आठ वर्षं एकाच जुळणी साखळीवर एकच काम केलेल्या मुलाला त्यातले किती दरवाजे उघडे असतात? त्याचं कौशल्य त्या यंत्राशी बांधलेलं, बढती तिथल्या नोकरीच्या वर्षांशी बांधलेली. दुसरीकडे गेला तर नव्यानं सुरुवात, तीही बहुतेक ठिकाणी कंत्राटदारामार्फत. देशातल्या संघटित कारखान्यांत आज दर पाच कामगारांमागे दोन कंत्राटी आहेत. 'दुसरी नोकरी शोधावी' हे सांगणं सोपं आहे. शोधणाऱ्याला ती आहे त्याहून खालच्या पायरीवर मिळते, आणि मालकाला हे माहीत असतं.

घेणारे मोजके आणि देणारे असंख्य असले की भाव दबतो, ही डाव्यांची कल्पना नाही. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये या स्थितीला अर्थशास्त्रात नाव दिलं. त्याच्याही दीडशे वर्षं आधी ॲडम स्मिथनं लिहून ठेवलं की मालक मजुरी वाढू न देण्यासाठी कायम एकमेकांशी मिळून असतात, फक्त त्याचा बोभाटा होत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन ताशी सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेलं. नोकऱ्या जातील असं पुस्तकं सांगत होती. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी ताडून पाहिलं, उपाहारगृहांतल्या नोकऱ्या घटल्या नव्हत्या. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. यावरून कितीही वेतन वाढवलं तरी काही होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण मजुरी ही पाण्याच्या पातळीसारखी आपोआप ठरते, हे गृहीतक आता त्याच शास्त्राच्या अभ्यासकांनीच मोडीत काढलंय.

स्नेह्यांनी पुढे एक आकडाही दिला होता. कंपनीचंही म्हणणं तेच होतं: आमच्या कायम कामगारांचा सरासरी पगार या परिसरातल्या तशाच कामगारांच्या १.८ पट आहे. मग तक्रार कसली? मला हा युक्तिवाद उलटाच वाटतो. दुसऱ्यांना किती कमी मिळतं, हे त्यातून कळतं. या कारखान्यातल्या कामगारानं तयार केलेल्या मालाची किंमत काय, त्यातला त्याचा वाटा किती, याचं उत्तर शेजाऱ्याच्या पगारात नसतं. सॅमसंगच्या भारतातल्या उलाढालीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक या एका कारखान्यातून येत असल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. त्या आकड्याशी तुलना का करू नये?

आणि हा बाजार तरी कुणी मांडला? श्रीपेरुंबुदूर ही काही शतकांपासूनची औद्योगिक पेठ नाही, रामानुजाचार्यांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जाई. सिपकॉट हे सरकारी महामंडळ १९७१ मध्ये निघालं, त्यानं जमिनी ताब्यात घेतल्या, रस्ते, वीज, पाणी आणलं. शाळेतली दुपारच्या जेवणाची योजना कामराजांनी सुरू केली, एमजीआरनी १९८२ मध्ये ती वाढवली, आणि त्या जेवणावर शिकलेल्या पोरांनी पॉलिटेक्निकं भरली. २०२१ पासून बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. वल्लम वडगालला फॉक्सकॉनसाठी काम करणाऱ्या १८,७२० मुलींना राहता येईल असं वसतिगृह ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं, खर्च सातशे कोटींच्या वर, पुढाकार सिपकॉटचा. देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या तमिळनाडूत आहेत, त्यामागे हे सगळं आहे. हा सगळा सरकारी खर्च मालकाला हवासा वाटतो. तोही बाजारातला हस्तक्षेपच आहे आणि उत्तम हस्तक्षेप आहे. मग जमीन द्यायला, मुलींना कारखान्याच्या दारापर्यंत आणून सोडायला सरकार हवं आणि त्या दाराच्या आत गेल्यावर मात्र नको, ही रेषा कुणी आखली?

व्हिएतनामची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. कारखाने जातात. या शहरानं ते पाहिलंय. नोकियाचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला, ऐन भरात आठ हजार माणसं होती, १ नोव्हेंबर २०१४ ला बंद पडला. पण का? करवसुलीच्या वादात मालमत्ता गोठली, त्यामुळे मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा फोनचा धंदा घेतला तेव्हा चेन्नई वगळली. मरैमलैनगरचा फोर्डचा कारखाना २०२२ मध्ये थांबला. कंपनीनं स्वतः सांगितलं की दहा वर्षांत भारतात दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, गाड्या खपल्या नाहीत. या दोन्ही ठिकाणी अखेरच्या काळात कामगारांनी आंदोलनं केली, पण ती बंद होण्याची घोषणा झाल्यावर, हातात काही पडावं म्हणून. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करून सांगितलेली गोष्ट फार लवकर पसरते.

सॅमसंगचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण संप संपल्यावर वर्तमानपत्रांचं लक्ष उडालं. नोंदणीनंतर लगेच फेब्रुवारीत तीन कामगार निलंबित झाले, त्यावरून पुन्हा ठिय्या, आणखी निलंबनं, मार्चपर्यंत ताण. मग मे २०२५ मध्ये श्रममंत्री सी. व्ही. गणेशन यांच्या उपस्थितीत पगारकरार झाला. तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं महिना १८ हजार रुपयांपर्यंत वाढ, पहिल्याच वर्षी त्यातली अर्धी. कारखाना व्हिएतनामला गेला नाही. ज्या कंपनीच्या प्रमुखांनी २०२० मध्ये आपल्या देशात 'युनियन नको' या धोरणाबद्दल जाहीर माफी मागितली, तिला कोरियात संघटनेशी बोलता येत होतं. इथेही येऊ लागलं. त्यासाठी एक सही लागली. ती सात महिने आधी झाली असती तर ३७ दिवसांत बुडालेलं उत्पादन आणि संपावर गेलेल्या सुमारे १,५०० कामगारांच्या घरांचा सव्वा महिन्याचा पगार वाचला असता. ज्यांना उद्योगाची काळजी आहे त्यांनी निबंधकाला जाब विचारायला हवा होता. त्यांनी मांडवाला विचारला.

शिकले-सवरलेले लोक या वादात एक अभ्यास हमखास पुढे करतात. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांचा, २००४ सालचा. राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या दुरुस्त्या त्यांनी कामगारधार्जिण्या आणि मालकधार्जिण्या अशा वाटल्या, आणि निष्कर्ष काढला की कामगारधार्जिण्या राज्यांत कारखानदारी मागे पडली. धोरणकर्त्यांच्या टेबलावर हा निबंध वर्षानुवर्षं होता. पण त्यातली वाटणी पाहा. गुजरात कामगारधार्जिणं, केरळ मालकधार्जिणं! गुजरातला तो शिक्का बसला तो १९७३ च्या एका दुरुस्तीवरून. आदित्य भट्टाचार्जी यांनी हे सगळं सविस्तर उघडं केलं. माझा मुद्दा एवढाच की पुस्तकातला कायदा आणि फाटकावरचा कायदा यांत कोसांचं अंतर असतं. कायद्यात संघटनेचा हक्क शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. सुंगुवारछत्रमच्या पोरांना तो मिळवायला उच्च न्यायालय लागलं. अशा देशात कायद्याची कलमं मोजून कामगार किती माजलेत हे ठरवायचं?

आता मला मान्य असलेल्या गोष्टी, कारण त्या न सांगता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. तपासनीसांचा जाच खरा आहे. तीस माणसांच्या कारखानदाराला रजिस्टरांच्या चळतीखाली दाबणं आणि मग पाकिटं मागणं, हे मी जवळून पाहिलेलं आहे, आणि त्याला कामगारांचं संरक्षण म्हणण्याची माझी तयारी नाही. संघटनाही धुतल्या तांदळासारख्या नसतात. १९२१ च्या बिनी मिलच्या संपात आदिद्रविड, म्हणजे दलित, कामगार आणि इतर यांच्यात फूट पडली आणि पुलियंतोपच्या वस्तीत दंगली झाल्या, घरं जळली. मुंबईच्या गिरण्यांत दलितांना विणकाम खात्यात शिरू देत नसत आणि संघटना गप्प बसत, म्हणून १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांना संपाच्या नेत्यांशी भांडावं लागलं.

पण तेच आंबेडकर दहा वर्षांनी काय करतात? १९३८ मध्ये मुंबई सरकारनं औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं, संपावर बंधनं घालणारं. संघटनांचे दोष ज्यांनी सर्वांत जवळून सोसले त्यांनी ७ नोव्हेंबरला त्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाच्या संपात कामगारांना उतरवलं आणि विधिमंडळात सांगितलं की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. संघटना वाईट वागली तर तिच्याशी भांडता येतं. बोलायचीच मुभा नसली तर भांडायचं कुणाशी?

त्या विधेयकाच्या वाटेनं पुढे काय झालं ते गिरणगावाला विचारा. १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्टनं ठरवलं की एका उद्योगात, एका भागात, कामगारांच्या वतीनं बोलणारी प्रातिनिधिक संघटना एकच. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले तेव्हाही कायद्यानं बोलणी करण्याचा हक्क होता तो ज्यांच्या मागे कामगार उरले नव्हते त्या संघाकडे. सामंतांशी बोलायला सरकार बांधील नव्हतं. ते बोललं नाही. संप मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही, आणि तिथे आता मॉल आहेत. त्या संपाच्या अपयशाची कारणं अनेक आहेत, सामंतांच्या चुकाही त्यात आहेत. पण माझे स्नेही जेव्हा म्हणतात की युनियनबाजीनं मुंबई बुडवली, तेव्हा मी त्यांना हे विचारतो की चुकीच्या माणसाच्या हातात बोलण्याचा परवाना ठेवणारा कायदा कुणाचा होता? सरकारचा हस्तक्षेप घातक होऊ शकतो, याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. म्हणूनच 'सरकार हवं की नको' हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. सुंगुवारछत्रमला त्यानं एका संघटनेला तोंड नाकारलं, परळला दुसऱ्याच एका संघटनेला सगळ्यांचं तोंड बहाल केलं. दोन्हीकडे कामगारांना कुणी विचारलं नाही. गुप्त मतदान घ्या, ज्यांची संख्या जास्त त्यांच्याशी बोला, एवढं साधं काम सरकारनं करावं. तेच ते टाळत आलंय.

बाजार काय देतो आणि काय देत नाही हे पाहायला लांब जायला नको. टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर चला. दिवसाला हजारो माणसं जिथे साड्या घेतात त्या मजल्यामजल्यांच्या दुकानांत काउंटरमागच्या मुली दहा-दहा, बारा-बारा तास उभ्या असत. बसायचं नाही, गिऱ्हाईक नसलं तरी नाही. वसंतबालन यांच्या २०१० च्या 'अंगाडी तेरू' या चित्रपटात हेच जग आहे. एका स्टुलाची किंमत ती किती? तोट्यात जाईल असं एकही दुकान त्या गल्लीत नव्हतं. तरी बाजारानं ते स्टूल दिलं नाही, कारण पायांना सूज आलेली मुलगी गेली तर तिरुनेलवेलीहून दुसरी येत होती. २०२१ मध्ये तमिळनाडू विधानसभेनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली: प्रत्येक कामगाराला बसण्याची सोय असली पाहिजे. केरळनं ती २०१८ मध्येच केली होती. कुठलंही दुकान त्यामुळे बंद पडलं नाही.

त्याच विधानसभेनं २१ एप्रिल २०२३ ला कारखान्यांत बारा तासांच्या पाळीला वाट करून देणारं विधेयक मंजूर केलं. संघटना उठल्या, सरकारचे मित्रपक्ष उठले. तीन दिवसांत अंमलबजावणी थांबली आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी विधेयक मागे घेत असल्याचं सांगितलं. मरिनावर देबीप्रसाद रॉय चौधरींचं श्रमिकांचं शिल्प आहे, खडक रेटणारी चार माणसं. मे दिनाला तिथे गर्दी असते, त्या वर्षी जरा जास्तच आनंदात होती. आणि महाराष्ट्र? ३ सप्टेंबर २०२५ ला आपल्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत न्यायला मान्यता दिली, तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेली. गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांच्या राज्यात त्यावर चार दिवस बातम्या आल्या आणि विषय मिटला. जिथे बोलणारं तोंड शिल्लक होतं तिथे विधेयक परत गेलं. जिथे ते गिरण्यांबरोबर गेलं तिथे निर्णय तसाच राहिला. हे लिहिताना मला मराठी माणूस म्हणून वाईट वाटतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. संपाला चौदा दिवसांची आगाऊ नोटीस हवी, निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप. तीनशेपेक्षा कमी माणसं असतील तर कपातीला सरकारची परवानगी नको. आणि एक गोष्ट त्यात अशी आहे की जी नीट वापरली तर ना. म. जोशींचं अर्धं राहिलेलं काम पुरं होईल: एक्कावन्न टक्के कामगार ज्या संघटनेत असतील तिला वाटाघाटीची संघटना म्हणून मान्यता. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यानं तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेला अशी वाट निदान करून दिली होती. तमिळनाडूत तसा कायदाच नव्हता, म्हणून सुंगुवारछत्रम घडलं. ही टक्केवारी मोजणार कोण, किती दिवसांत, हजेरीपटावरून की मतदानानं, कंत्राटी माणसं धरणार की वगळणार, हे राज्यांच्या नियमांवर अवलंबून आहे. म्हणजे पुन्हा त्याच निबंधकाच्या टेबलाशी आपण आलो.

त्या दिवशी कांचीपुरमहून परतताना संध्याकाळ झाली होती. कामगारांना गावोगावी सोडायला निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग महामार्गावर लागली होती, खिडक्यांना डोकी टेकलेली. स्नेह्यांनी साड्यांची पिशवी मांडीवर घेतली होती. गप्पांच्या ओघात म्हणाले की चाकणच्या त्यांच्या कारखान्यात एकशे चाळीस माणसं आहेत, बरीच मराठवाड्यातली, आणि युनियन नाही, कारण कुणाला गरजच वाटली नाही. असेलही तसं. दादा, तुम्ही पगार वेळेवर देता, मी ते पाहिलंय. संघटना नोंदवायची तर तुमच्याकडच्या चौदा माणसांनी सभासद म्हणून एका कागदावर सह्या करायला हव्यात. मला तुम्हाला एवढंच विचारायचंय, की उद्या सकाळी चौदा जणांनी त्या केल्या, तर संध्याकाळी ते चौदाही कामावर असतील ना?